आपले लक्ष कोण विकतो आहे?

सकाळी जाग आली की डोळे नीट उघडण्याआधी हात उशाखाली जातो. वेळ बघायला फोन उचलला, असे आपण स्वतःलाच सांगतो. पंधरा मिनिटांनी फोन खाली ठेवतो तेव्हा कुठल्या तरी अभिनेत्रीच्या लग्नातील जेवणाचा बेत, एका अनोळखी माणसाची कलिंगड कापण्याची पद्धत आणि सात समुद्रांपलीकडे कोसळलेला एक पूल एवढे सगळे आपल्याला ठाऊक झालेले असते. किती वाजले, तेवढे बघायचे राहून जाते. मग फोन पुन्हा उचलावा लागतो.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. विहारातल्या बैठका, महिला बचत गट, मुलांच्या अभ्यासिका, शिष्यवृत्तीचे आणि रेशनकार्डाचे अर्ज हा आमचा रोजचा व्याप. गेल्या काही वर्षांत विषय कोणताही असो, बैठकीच्या शेवटी एक तक्रार हमखास येते. आई म्हणते, पोरगा मोबाइलमधून डोके वर काढत नाही. पोरगा म्हणतो, आई रात्री बारापर्यंत मालिकांचे तुकडे बघते. आजोबा दोघांनाही नावे ठेवतात आणि मग खिशातून फोन काढून 'मोबाइल किती घातक' हा व्हिडिओ सगळ्यांना दाखवतात. फिर्यादी सगळेच आणि आरोपीही सगळेच, असा हा खटला आहे.

यावर ठरलेला निकाल असा असतो: हल्लीच्या लोकांना संयम राहिला नाही. हा निकाल आम्हाला पटत नाही. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली एक साधा भेद सांगितला होता. शहरात एकाच माणसाला काम नसेल तर ती त्याची खासगी अडचण समजावी. त्याचा स्वभाव, त्याचे कौशल्य तपासावे. पण लाखो माणसे बेकार असतील तर स्वभाव तपासून उत्तर मिळत नाही, समाजाची रचना तपासावी लागते. आजोबा, आई आणि नातू या तिघांचाही संयम नेमका एकाच दशकात सुटला असेल, तर त्यांच्या चारित्र्यापेक्षा त्यांच्या हातातली वस्तू आधी उघडून बघायला हवी.

दुकान कसे चालते?

या धंद्याचे मूळ फोनच्याही फार आधीचे आहे. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या मुद्रकाने 'द सन' हे वृत्तपत्र काढले. इतर पत्रे सहा सेंटला मिळत असताना त्याने आपले पत्र एका सेंटला विकले. एवढ्या किमतीत छपाईचा खर्चही निघत नाही. पण डेचा खरा माल कागद नव्हताच. स्वस्तात जमवलेले हजारो वाचक हा त्याचा माल होता आणि जाहिरातदार हे त्याचे गिऱ्हाईक होते. जास्त वाचक जमावेत म्हणून १८३५ साली याच पत्राने चंद्रावर पंख असलेली माणसे राहतात अशी लेखमाला छापली आणि लोकांनी ती चवीने वाचली. खोटी बातमी व्हॉट्सअॅपने जन्माला घातली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

१९७१ साली हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने याच गोष्टीचा हिशेब मांडला. माहिती वाढली की ती जे खाऊन जगते त्याचा तुटवडा पडतो, आणि माहिती खाते ते माणसाचे लक्ष. दिवसाचे तास चोवीसच. त्यातले झोप, काम, स्वयंपाक, पाणी भरणे, लोकल किंवा बसचा प्रवास वजा केले की उरणारे लक्ष थोडेच. थोड्या असलेल्या वस्तूला भाव येतो. आज आपण व्हिडिओ वर सरकवतो त्या क्षणी पडद्यावरच्या मोकळ्या जागेसाठी जाहिरातदारांच्या बोली लागतात. माणूस पाहत नाही, यंत्रच तो लिलाव पुरा करते. आपण जितका वेळ थांबू, तितक्या जागा विकल्या जातात. त्यामुळे आपण फोन खाली ठेवणे हा या धंद्यातला एकमेव खरा तोटा आहे. २०१७ साली नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी सांगूनच टाकले होते की आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. निदान त्यांनी प्रतिस्पर्ध्याचे नाव तरी प्रामाणिकपणे घेतले.

आपण खाली ठेवू नये यासाठीच्या युक्त्या साध्या आहेत. पूर्वी पानाला शेवट असायचा. पान संपले की पुढचे उघडायचे की उठायचे, हे माणूस ठरवायचा. २००६ साली अझा रास्किन या रचनाकाराने न संपणारे पान तयार केले. खाली जाल तितके नवे येत राहते. पुढे त्याने स्वतःच या शोधाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. दुसरी युक्ती मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आली. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल तर कबुतर भुकेपुरती कळ दाबते. कधी मिळतो, कधी नाही, असे झाले की ते वेड्यासारखे कळ दाबत राहते. वीस व्हिडिओंत एकोणीस रटाळ आणि विसावा मजेशीर निघतो, तेव्हा आपणही त्या विसाव्यासाठी बोट सरकवत असतो. फरक एवढाच की कबुतराला दाणा तरी मिळत होता.

तिसरी युक्ती माणसाच्या मानाशी खेळते. फेसबुकने २००९ साली पसंतीचा अंगठा आणला. व्हॉट्सअॅपने २०१४ साली वाचल्याच्या निळ्या खुणा आणल्या. आता मेव्हण्याने संदेश वाचला पण उत्तर दिले नाही, यावरून घराघरांत अबोले होतात. वाढदिवसाच्या छायाचित्राला कोणी अंगठा दिला आणि कोणी दिला नाही याची नोंद काही मंडळी सावकाराच्या वहीसारखी ठेवतात.

या सगळ्याचा परिणामही मोजला गेला आहे. ग्लोरिया मार्क या संशोधक दोन दशके माणसांचे पडद्यावरचे लक्ष मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत होता. अलीकडच्या वर्षांत हा आकडा सुमारे ४७ सेकंदांवर आला. हा लेख इथपर्यंत एका बैठकीत वाचला असेल तर आपण सरासरीच्या बरेच पुढे आहात.

रात्री साडेअकराचा दीड जीबी

आपल्याकडे ही लाट कधी आली, हे नेमके सांगता येते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा भाव कोसळला. त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवून वापरला जायचा. एखादे गाणे उतरवून घ्यायचे तर आधी विचार व्हायचा. आता दिवसाला दीड-दोन जीबी मिळतो आणि तो मध्यरात्री बाद होतो. ताटात अन्न टाकू नये, या संस्काराची आपली माणसे. रात्री साडेअकराला फोनवर अर्धा जीबी शिल्लक दिसला की जीव हळहळतो. पैसे भरलेत, वाया कसे घालवायचे? मग तो संपवण्यासाठी जागरण होते. काटकसरीच्या सवयीनेच आपल्याला उधळपट्टी करायला लावणारा असा दुसरा व्यवहार आम्ही पाहिलेला नाही.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. वस्तीतल्या अनेक पालकांना वाटले, सुटलो. ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. दहा दिवससुद्धा बाजार मोकळा राहिला नाही. देशाचे नाव बदलले, धंद्याची रीत तीच राहिली.

विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ साली 'सांस्कृतिक पश्चायन' ही कल्पना मांडली. यंत्र झपाट्याने पुढे जाते. चालीरीती, कायदे आणि शिष्टाचार मागून रखडत येतात. आपल्याकडे अंत्ययात्रेत कसे वागावे, याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. पण अंत्ययात्रेत थेट प्रक्षेपण करावे का, याचा नियम अजून कोणी केलेला नाही. त्यामुळे एकजण खांदा देतो आणि एकजण त्याला म्हणतो, जरा इकडे बघ.

शुभसकाळच्या चित्रांचेही तसेच. भारतीयांचे फोन वारंवार का भरून जातात, हे गूगलच्या संशोधकांनी शोधले तेव्हा सकाळच्या शुभेच्छांची फुले, सूर्य आणि चहाचे कप त्यांना सापडले. हा पसारा ओळखून पुसून टाकणारे साधन त्यांना तयार करावे लागले. आपल्या गटांत फुलांच्या जागी कमळ आणि बोधिवृक्ष असतात, एवढाच आपला वेगळेपणा. दोनशे सदस्यांच्या गटात एकाने 'जय भीम' लिहिले की उरलेल्यांनी उत्तर देणे हे सौजन्यच झाले. त्या अभिवादनांच्या ढिगाखाली शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेची सूचना गाडली जाते. ती मिळाली नाही, अशी तक्रार घेऊन पालक आमच्याकडे येतात आणि ती सूचना त्यांच्याच फोनमध्ये, चौऱ्याऐंशी संदेश वर गेल्यावर सापडते.

सहा खिडक्या, एक आरडाओरडा

दोष फक्त फोनला देऊन चालणार नाही. त्याच्या आधी दूरचित्रवाणीने आपल्याला तयार करून ठेवले होते. वृत्तवाहिनीचे उत्पन्न टीआरपीवर ठरते आणि टीआरपी काही हजार घरांतल्या मापकांवरून काढतात. त्या घरातल्या माणसाने वाहिनी बदलू नये, यासाठी पडद्यावर सहा खिडक्यांत सहा माणसे बसवून त्यांना एकाच वेळी बोलू द्यायचे, ही सर्वांत स्वस्त बातमी. गावोगाव वार्ताहर पाठवण्यापेक्षा भांडण परवडते. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीत फेरफार झाल्याचे प्रकरण मुंबई पोलिसांनी पुढे आणले आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. जवळपास दीड वर्ष आकडे नव्हते, तरी ओरडणे थांबले नाही. सवय लागली की मापकाचीही गरज उरत नाही.

आता त्या चर्चेतला सर्वांत कडवट अर्धा मिनिट कापून रीलमध्ये येतो. मूळ चर्चा कोणी बघत नाही. कोण कोणाला काय बोलले, एवढेच उरते आणि चहाच्या टपरीवर त्याच अर्ध्या मिनिटावर तासभर वाद होतो.

राईनपाडा

इथवर हसता आले. पुढच्या गोष्टीवर हसता येत नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण तिथे आले होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या काळात फोनवरून त्या भागात पसरलेली होती. जमावाने या पाच जणांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. पाचही जण मेले. मारहाण चालू असताना तिचे चित्रीकरणही चालू होते.

त्याच सुमारास आसामात, त्रिपुरात, देशाच्या इतर भागांतही अशाच अफवांनी माणसे मारली गेली. राईनपाड्यात बळी कोण पडले, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. ज्यांना गाव नाही, ज्यांचा पोशाख वेगळा, ज्यांच्याकडे समाज कित्येक शतके संशयाने पाहत आला, तीच माणसे. वसाहतकाळात ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला जात होता, त्या संशयाला फोनने फक्त वेग दिला. अफवा नवी होती, पूर्वग्रह जुना होता.

त्यानंतर जे घडले ते मिल्सच्या मुद्द्याला बळ देणारे आहे. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. 'पुढे पाठवलेला' अशी खूण दिसू लागली. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले आणि त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. त्या काही आठवड्यांत कोट्यवधी लोक अचानक विवेकी झाले होते का? नाही. एक बटण थोडे अवघड केले गेले. ते आधीही अवघड करता आले असते. म्हणूनच 'वापरणाऱ्यांनी जबाबदारीने वागावे' हे वाक्य कंपन्यांच्या तोंडी ऐकले की आम्हाला राईनपाडा आठवते.

आवाज मिळाला, कान कुठे आहेत?

लक्ष हा विषय आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा प्रश्न हाच होता: वृत्तपत्रे आहेत, पण त्यांत आमच्यासाठी जागा नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या वेळच्या एका नामांकित पत्राने 'मूकनायक'ची पैसे देऊन केलेली जाहिरातही छापली नव्हती. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. समाजाचे लक्ष कशाकडे जावे हे दुसऱ्यांनी ठरवू नये, यासाठीचा हा छत्तीस वर्षांचा खटाटोप होता.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीचे कित्येक दिवस मोठ्या माध्यमांना त्यात विशेष काही दिसले नाही. सत्यशोधन अहवाल, ईमेल, ब्लॉग आणि मोबाइलवरचे संदेश यांतून ती बातमी पसरली, माणसे रस्त्यावर आली आणि मग वाहिन्यांच्या गाड्या तिथे पोहोचल्या. हेच डिजिटल माध्यम त्या वेळी आपला आधार होते. आजही एखाद्या गावात मिरवणूक अडवली जाते तेव्हा पहिला पुरावा कोणाच्या तरी फोनमध्ये असतो. म्हणून फोन फेकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. तसे सांगण्याची चैन आपल्याला परवडत नाही.

पण शंभर वर्षांत अडचण उलटी झाली आहे. तेव्हा बोलायला जागा नव्हती. आज प्रत्येकाला जागा आहे, मात्र ऐकणारा त्याच वेळी आणखी चाळीस गोष्टी पाहतो आहे. अत्याचाराची चित्रफीत, तिच्या मागोमाग नाचाची रील, तिच्या मागोमाग साबणाची जाहिरात. तिघांवर सारखेच ४७ सेकंद. आपण हळहळतो, रडका चेहरा टाकतो आणि बोट वर सरकते. निषेध नोंदवल्याचे समाधान मिळते. मोर्चाला, न्यायालयातल्या तारखेला, साक्षीदाराच्या घरी जायला मात्र माणसे मिळत नाहीत. खटला दहा वर्षे चालतो. इतका वेळ लक्ष टिकवणे हे आता पैशापेक्षा अवघड झाले आहे.

दहा बाय दहाच्या खोलीतला उपदेश

'फोन बाजूला ठेवा, निसर्गात जा' हा सल्ला सहसा ज्यांच्या घराला बाल्कनी असते त्यांच्याकडून येतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःची म्हणावी अशी जागा एकच असते: सहा इंचांचा पडदा. कानात बोळे घातले की ती त्याची खोली होते. घरकाम करणाऱ्या ताईंना फोन बंद ठेवता येत नाही. 'आज येऊ नका' किंवा 'आज लवकर या' हा निरोप त्यावरच येतो आणि तो चुकला तर पगार कापला जातो. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोराचा तर मुकादमच फोनमध्ये राहतो. त्याला लक्ष विचलित झाले म्हणून कोण दोष देणार?

आणि कुटुंबाने कडक व्हायचे ठरवले की पहिला फोन मुलीचा जातो. ग्रामीण भारताबद्दलचा 'असर' अहवाल २०२४ सांगतो की १४ ते १६ वयाच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के आणि मुली सुमारे २७ टक्के. त्याच अहवालानुसार या वयोगटात आठवडाभरात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. म्हणजे काळजी खरी आहे. पण शिक्षा वाटून देताना ती नेहमीच्याच खांद्यांवर पडते. भावाची रील चालू राहते, बहिणीचा अर्ज भरायचा राहतो.

सति म्हणजे काय?

आता मन एकाग्र करण्याचेही अॅप मिळते. महिन्याची वर्गणी भरा, मग ते दिवसातून तीन वेळा टुणकन वाजून तुम्हाला शांत होण्याची आठवण करून देते. त्याच निमित्ताने फोन हाती आला की आणखी काय काय आले आहे, तेही बघून होते.

पाली भाषेतला 'सति' हा शब्द संस्कृत 'स्मृती'चा भाऊ आहे. त्याचा मूळ अर्थ आठवण. डोळे मिटून डोके रिकामे करणे म्हणजे सति, हा बाजारातला अर्थ झाला. आपण काय करतो आहोत आणि कशासाठी करतो आहोत याची आठवण सुटू न देणे, हा साधा अर्थ. फोन कशासाठी उचलला होता, हे पंधरा मिनिटांनंतरही आठवत असेल तर सतिची सुरुवात झाली, असे समजायला हरकत नाही. एक फांदी सोडून दुसरी पकडणाऱ्या माकडाची उपमा मनाला संयुत्त निकायात दिली आहे. त्या माकडाला निदान जंगल संपायची शक्यता होती.

ऐकीव गोष्टीबद्दल कालाम लोकांना भगवंतांनी जे सांगितले, ते आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते: केवळ परंपरेने आले, अनेकांनी सांगितले, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावर मान्य करू नका; स्वतः तपासा. गंमत अशी, की आपल्याच गटांत बुद्धांनी कधीही न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या शांत चेहऱ्याखाली फिरतात आणि बाबासाहेबांच्या कोटाशेजारी कोणाच्याही मनातले काहीही छापून येते. ग्रंथ कोणता, खंड कोणता, पान कोणते, असे विचारले की विचारणाऱ्यालाच संशयाने पाहिले जाते. ज्या माणसाने आयुष्यभर पुरावा देऊन लिहिले, त्याच्या नावावर पुराव्याशिवाय लिहिणे हा आदर नव्हे.

मग करायचे काय?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. आम्हाला पहिला मार्ग अधिक पटतो. कारण त्यात मोठ्यांचाही फोन बंद होतो आणि सगळ्यांचा एकाच वेळी बंद होतो. एकट्याने फोन बंद ठेवला तर आपण मागे पडलो असे वाटते. सगळ्या गावाने ठेवला तर मागे पडायला कोणी उरतच नाही.

कायद्याचीही गरज आहे. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये केला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई आहे. ही तरतूद किती पालकांना माहीत आहे? विहारातल्या एका बैठकीचा विषय एवढाच ठेवला तरी उपयोग होईल.

कायदा अमलात येईपर्यंत काही गोष्टी वस्तीच्या हातात आहेत. आमच्या कामात ज्या टिकल्या, तेवढ्याच सांगतो. गटाचे दोन भाग करावेत: एकात अभिवादन, शुभेच्छा, वाढदिवस, दुसऱ्यात फक्त सूचना आणि तिथे लिहिण्याचा अधिकार दोघा-तिघांनाच. अभ्यासिकेत फोन काढून घेऊ नये. दाराशी कप्पे ठेवावेत आणि किल्ली मुलाकडेच द्यावी. किल्ली आपल्याकडे असली की मूल लवकर विसरते, दुसऱ्याकडे असली की त्याचे सगळे लक्ष किल्लीवर राहते. फोनमधल्या सूचनांचे आवाज बंद करून कॉलचा तेवढा चालू ठेवावा. कामाचा निरोप चुकत नाही. घाबरवणारा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी एक प्रश्न: हे ज्याच्याबद्दल आहे तो माणूस समोर उभा असता तर मी हे म्हटले असते का? आणि आठवड्यातून एकदा कोणी तरी मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. अक्षरओळख नसलेल्या पिढीने वृत्तपत्र असेच ऐकले होते. आज वाचता येणाऱ्यांनाही त्याची गरज आहे, कारण आता अक्षरांपेक्षा बैठक मोडली आहे.

दर ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते. रात्रभर प्रवास करून आलेली, हातात जेवणाची पिशवी असलेली माणसे तिथे वाकून पुस्तके चाळतात, किंमत विचारतात, पैसे मोजतात आणि एखादे जाड पुस्तक पिशवीत तळाशी नीट ठेवतात. तिथे कोणतीही कंपनी त्यांना थांबवून ठेवत नसते. लक्ष देण्याची ताकद या समाजाकडून कोणी हिरावून घेतलेली नाही, एवढे त्या रांगेकडे पाहिले की कळते. ते पुस्तक ७ डिसेंबरला पिशवीतून बाहेर निघते का, तेवढे आता आपल्याला बघायचे आहे.